पडदा नाशिकला पाठवता येत नाही

माझ्या सासूबाई शेवटपर्यंत लोकांना सांगत राहिल्या, "आमचे जावई फोटोग्राफर आहेत, पण गिऱ्हाइकाला हसू देत नाहीत."

यात चूक काढायला जागा नव्हती. जळगावात सीटी स्कॅन नवं नवं आलं तेव्हापासून मी त्या मशीनवर. लोकांची डोकी, छात्या, पोटं यांची चित्रं काढायची आणि "श्वास रोखा, हलू नका" एवढंच बोलायचं. घरीसुद्धा माझं संभाषण फारसं पुढे गेलं नसावं, कारण धाकटी मुलगी लहानपणी रुसून भिंतीकडे तोंड करून पडायची आणि मी जवळ गेलो की म्हणायची, "रोखलाय."

आता तुम्ही अंकासाठी कामाबद्दल लिहा म्हणालात, तर बायको म्हणाली, "लिहा, पण समजेल असं लिहा. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात तुम्ही मला फिक्सर म्हणजे काय ते सांगितलं होतं. मी अजून विचार करतेय."

म्हणून समजेल असं सांगतो. हल्ली स्कॅन झालं की चित्र पोरांच्या मोबाईलवर जातं. तेव्हा तसं नव्हतं. मशीन डोक्याचे आडवे काप दाखवायचं. सुरीचे नव्हेत, चित्रांचे. कांद्याच्या चकत्या एकापाठोपाठ एक मांडाव्यात तसे. ते संगणकाच्या पडद्यावर उमटायचे. पण पडदा आमच्या खोलीत, आणि ऑपरेशन करणारा सर्जन धुळ्याला नाहीतर नाशिकला. त्याच्यापर्यंत चित्र पोचवायचं तर ते फिल्मवर उतरवावं लागे. त्यासाठी खोलीच्या कोपऱ्यात एक पेटी उभी होती, फ्रिजच्या धाकट्या भावासारखी. तिला मल्टिफॉर्मॅट कॅमेरा म्हणत. तिच्या पोटात एक छोटा टीव्ही, टीव्हीसमोर भिंग आणि भिंगापुढे फिल्म. मोठ्या पडद्यावर जे दिसतं तेच आतल्या टीव्हीवर यायचं, पण उलटं. काळं ते झगझगीत आणि पांढरं ते अंधारं, कारण फिल्मवर जिथे उजेड पडतो तिथे ती काळी होते. बटण दाबलं की एक चौकोन टिपला जायचा, पुन्हा दाबलं की शेजारचा. मग ती फिल्म अंधाऱ्या खोलीत नेऊन औषधात धुवायची.

या पेटीला पिळायचे दोन कान होते. एक ब्राइटनेसचा, म्हणजे आतला टीव्ही किती उजळ. दुसरा एक्स्पोजरचा, म्हणजे फिल्मला तो उजेड किती वेळ दाखवायचा. बायकोला हे मी भाकरीवरून समजावलं. पहिला कान म्हणजे चुलीचा जाळ, दुसरा म्हणजे भाकरी तव्यावर किती वेळ. जाळ मोठा केला तर भाकरी झटपट होते, पण वरून डाग आणि आतून कच्ची. मंद जाळावर सावकाश केली तर सगळीकडे सारखी.

"हे तुम्हाला कॉलेजात शिकवलं?" ती म्हणाली.

मशीन बसवायला मुंबईहून आलेल्या इंजिनियरने मला एक नमुन्याचं चित्र दाखवलं होतं. त्यात काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत करड्या पायऱ्या होत्या. सगळ्यात काळ्या चौकोनाच्या आत त्याहून जराच कमी काळा असा छोटा चौकोन, आणि सगळ्यात पांढऱ्याच्या आतही तसाच एक. तो म्हणाला, "फिल्मवर काळ्यातला काळा आणि पांढऱ्यातला पांढरा दोन्ही वेगळे दिसले पाहिजेत. दर सोमवारी काढून बघत जा. टीव्ही म्हातारा होतो, कान आपोआप ढिले पडतात."

मी काही सोमवार बघितलं. मग मला अक्कल आली.

झालं असं, की आमची गिऱ्हाइकं फिल्म घेऊन दारात जायची आणि उन्हाकडे धरून बघायची. जरा करडी, फिकट फिल्म असली की तोंडं पडायची. फिकट फोटो म्हणजे काम कच्चं. शहरातल्या डॉक्टरांनाही ठसठशीत फिल्म आवडायची. तेव्हा मी ब्राइटनेसचा कान दर आठवड्याला थोडा थोडा पिळत गेलो. काळं कोळशासारखं, हाड चुन्यासारखं. धुळ्याचे एक डॉक्टर तर म्हणाले, "तुमची फिल्म लांबून ओळखू येते." त्या दिवशी मी घरी श्रीखंड नेलं होतं.

काही मंडळी फोटोग्राफरकडे आल्यासारखीच यायची. शिरपूरकडचे एक जमीनदार डोक्याचं स्कॅन करायच्या आधी खिशातून कंगवा काढून भांग पाडत बसले. मी म्हटलं, "दादा, केस येत नाहीत यात." ते म्हणाले, "मंग काय येस?" मी म्हटलं, "आतलं." त्यांनी कंगवा खिशात ठेवला आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "आतलं मी कसं इंचरू?" मग बायकोकडे वळून तिलाच विचारलं, "आतलं चांगलं शे ना मन्हं?"

आमचे डॉक्टर, म्हणजे ही चित्रं वाचणारे रेडिओलॉजिस्ट, कोल्हापूरकडचे. माणूस हुशार, मनाने मोकळा, पण खानदेशी बोलीचा गंध नाही. एकदा एरंडोलकडचा एक माणूस आपल्या भावाची फिल्म दारात धरून बराच वेळ "काया, बठ्ठी काया" म्हणत उभा होता. तो गेल्यावर डॉक्टर मला म्हणाले, "चौधरी, काय माणसं आहेत हो तुमच्याकडची! पुण्यात लोक विचारतात, रिपोर्ट कधी मिळणार. हा साधा शेतकरी फिल्म बघतो आणि म्हणतो, काया! देहाचा एवढा विचार..."

"साहेब, तो म्हणाला फोटो काळा आलाय. सगळा काळा."

मी त्यांना समजावलं, आमच्याकडे 'ळ'चा 'य' होतो. काळा तो काया, डोळा तो डोया, केळी ती केयी. आम्ही दोघं पोट धरून हसलो. दुसऱ्या दिवसापासून डॉक्टरांनी बोली शिकायला घेतली. 'शे' म्हणजे आहे, 'उना' म्हणजे आला, 'ले' म्हणजे ला. रोज एक-दोन शब्द ते माझ्यावर वापरून बघायचे.

आम्ही दोघं व्याकरणावर हसलो, पण तो माणूस तक्रार माझ्या फिल्मबद्दल करत होता. ते माझ्या लक्षात आलं नाही. ते आबांनी लक्षात आणून दिलं, तेही झोपेत.

मे महिना होता. एरंडोलच्या बाजूच्या एका खेड्यातून जीप आली. मागच्या सीटवर धोतर नेसलेले, उंचेपुरे आबा, सत्तरीच्या पुढचे. सोबत त्यांची बायको अक्का आणि मुलगा सुभाष. सुभाषने जीपमधून उतरवता उतरवताच सगळं सांगून टाकलं. आबा म्हणजे गावाच्या भरीत पार्टीचे मालक. हिवाळ्यात कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायची ती आबांनी, आणि आबांनी चव घेतल्याशिवाय कोणी मिठाला हात लावायचा नाही. पण गेल्या काही आठवड्यांपासून आबा पाय ओढत चालतात, दिवसभर झोपतात, बोलता बोलता विसरतात. गावात सगळे म्हणत होते, वय झालं. थोरला मुलगाही म्हणत होता, वय झालं, आता कुठे फिरवता. एकटी अक्का म्हणत होती, "वय एक दिनमा येत नही."

डॉक्टरांनी आबांना विचारलं, "आबा, ह्या कोण?"

आबांनी अक्काकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "तलाठीनी बाई."

अक्का मोठ्याने हसली. "दखा! माले तलाठीना घर धाडी दिधं." हसली खरी, पण पदराचं टोक तिने मुठीत असं आवळलं की मला दुसरीकडे बघावं लागलं.

डॉक्टरांनी आपली नवी बोली बाहेर काढली. "अक्का, काय व्हयनं?" अक्का पदर तोंडाशी धरून बोलली. खोलीत एसी घरघरत होता, मशीनचा पंखा गुरगुरत होता. डॉक्टरांनी कान दिला आणि आनंदाने माझ्याकडे वळले. "पायले लागनं व्हतं! म्हणजे पायाला. ले म्हणजे ला. म्हणूनच पाय ओढतात."

"वा साहेब," मी म्हटलं. मी फिल्म भरण्यात गुंग होतो.

स्कॅन झालं, फिल्म धुऊन आली. खोटं कशाला सांगू, माझ्या हातून निघालेली ती सगळ्यात देखणी फिल्म होती. काळं काजळासारखं. हाड असं, की त्यावर नजर ठरू नये. मी ती उजेडाच्या पेटीवर लावली आणि कौतुकाची वाट बघत उभा राहिलो.

डॉक्टर बराच वेळ बघत होते. "चौधरी, आबांचं वय सत्तरीच्या पुढे ना? मग मेंदू बघा. तिशीतला वाटतोय."

"फिल्म चांगली आलीय साहेब."

"तेच तर. म्हातारपणी मेंदू आकसतो, अक्रोडासारखा. घड्यांमधल्या चिरा रुंद होतात, कडेला मोकळी जागा दिसते. इथे एक चीर धड दिसत नाही. दोन्ही बाजूंनी कोणीतरी दाबून धरल्यासारखा मेंदू आहे. इतका तरुण मेंदू आबांना शोभत नाही."

मग त्यांनी जे सांगितलं ते मी माझ्या शब्दांत सांगतो. डोक्याला मार लागला की कधी कधी कवटी आणि मेंदू यांच्या मधे रक्त झिरपत राहतं. ताजं रक्त फिल्मवर पांढरं दिसतं, जुनं झालं की काळपट. पण मधले काही आठवडे असे येतात, की रक्ताचा आणि मेंदूचा करडा अगदी सारखा होतो. करड्यात करडं. एका बाजूला साचलं तर मेंदू दुसरीकडे सरकतो आणि चोर सापडतो. दोन्हीकडे सारखं साचलं तर काहीच सरकत नाही. चित्र सुंदर दिसतं आणि माणूस झोपत जातो. वेळेत काढलं तर माणूस उठून चालायला लागतो. नाही काढलं तर एक दिवस उठतच नाही.

"पण त्याला डोक्याला मार हवा," डॉक्टर म्हणाले. "यांना तर पायाला लागलंय."

तरी ते बाहेर गेले. मी मागोमाग. व्हरांड्यात बाकावर आबा कलंडले होते आणि अक्का त्यांना वारा घालत होती.

"अक्का, कोनता पाय?"

"पाय?" अक्का म्हणाली. "पाय बेस शेतस. कपाय!" आणि तिने स्वतःच्या कपाळावर हात मारला.

डॉक्टर कळवळले. "अहो अक्का, नशिबाला दोष देऊ नका. आपण बघू काय ते."

"कपाय!" अक्काने आणखी जोरात हात मारला.

मीही तिची समजूत घातली. "अक्का, धीर धरा, असं कपाळ बडवून..."

तेव्हा अक्काने आमच्याकडे पाहिलं, घरी माझी बायको फ्यूज उडाल्यावर माझ्याकडे बघते तसं. पंखा खाली ठेवला, आबांचं मुंडासं वर सरकवलं आणि त्यांच्या कपाळावर बोट टेकवलं. "आठे! कपायले लागनं व्हतं. ढोरं बांधाले ग्यात, गोठाना लाकूडवर आपटनात. कव्हयपाहीन सांगी ऱ्हायनू!"

कपाळ ते कपाय. ती केव्हापासून तेच सांगत होती. दुसऱ्याला 'ळ'चा 'य' शिकवणारा मी. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे पाहिलं, आणि दोघंही आत पळालो.

डॉक्टरांनी पडद्यावर करड्या रंगाची अगदी छोटी पट्टी निवडली आणि ती ताणून मोठी केली. त्या पट्टीबाहेरचं सगळं काळं किंवा पांढरं होऊ दिलं, मधला करडा तेवढा उलगडला. मग कवटीच्या आतल्या बाजूला दोन्हीकडे एक रेघ दिसली. कशी सांगू? निवलेल्या दुधावरची साय कडेने सुटते, तशी. रेघेच्या आत मेंदू, बाहेर रक्त. शिरेतून औषध देऊन ती आणखी ठळक करता आली असती, पण आबांना दमा होता आणि डॉक्टर त्या वाटेला जाईनात.

त्यांनी नाशिकला सर्जनला फोन लावला. सर्जनचा आवाज इतका मोठा होता की मलाही ऐकू येत होता. "विसरभोळे म्हातारे माझ्याकडे रोज येतात. तुम्ही सांगताय म्हणून मी कवटीला भोक पाडणार नाही. फिल्मवर दाखवा, पोचल्या पोचल्या टेबलावर घेतो. फिल्मवर नसेल तर उन्हातान्हात म्हाताऱ्याला फिरवू नका."

डॉक्टरांनी फोन ठेवला. "बरोबर आहे त्यांचं. मला पडद्यावर दिसतंय. पण पडदा नाशिकला पाठवता येत नाही. चौधरी, ही रेघ फिल्मवर द्या."

मी बटण दाबलं, फिल्म धुतली. रेघ नव्हती. हाड होतं, त्याच्या आतल्या कडेला काजळी फासल्यासारखी धूसर पट्टी होती आणि मग मेंदू. रेघ त्या काजळीत बुडाली होती. मी काय केलं असेल? सवयीने ब्राइटनेस आणखी वाढवला. काजळी वाढली. मग एक्स्पोजर कमी केलं. सगळंच पाण्यात धुतल्यासारखं पुसट. औषधही उन्हाने तापलेलं. गोळेवाल्याकडून बर्फाची लादी आणून ट्रेखाली ठेवली. चौकातल्या पोरांना वाटलं, मी आतून गोळे विकतो.

बाहेर अक्काचं वेगळंच चाललं होतं. आबांनी झोपू नये म्हणून ती त्यांना भरीत विचारत होती. "आयकतस का? नींद नका ल्या. भरीतमा काय काय टाकतस?"

"वांगा," आबा म्हणत. "मिरच्या. लसून. कांदानी पात..."

मी फिल्म धुवायला जाताना हे ऐकत होतो. पुढच्या खेपेला आबा लसणापर्यंतच पोचले. त्याच्या पुढच्या खेपेला मिरच्यांवर थांबले. माझी प्रत्येक फिल्म बिघडत होती आणि बाहेर भरीत कमी कमी होत चाललं होतं.

मग मी अंधाऱ्या खोलीतून बाहेर आलो तर काही ऐकूच आलं नाही. व्हरांड्याचं रस्त्याकडचं मोठं दार सताड उघडं, बाहेर मेचं ऊन भट्टीसारखं पेटलेलं. बाकावर दोन काळ्या आकृत्या तेवढ्या दिसत होत्या, तोंडं नाहीत. मी घाबरून विचारलं, "अक्का, आबा जागे आहेत ना? मला काही दिसत नाहीये."

"दार लाई ल्या भाऊ," अक्का म्हणाली. "मंग दखाईन तुमले."

मी दार ओढून घेतलं. उजेड कमी झाला आणि आबांचा चेहरा दिसला. डोळे अर्धे मिटलेले, ओठ हलत होते. "वांगा," एवढंच.

मी दाराच्या कडीला धरून तसाच उभा राहिलो. डोक्याभोवतीचा उजेड! फिल्मवर डोक्याच्या भोवती जे काळं असतं, ते पेटीतल्या टीव्हीवर झगझगीत असतं. मला काजळासारखं काळं हवं होतं, म्हणून मी तो झगझगाट पेटवत गेलो होतो, आणि तो कवटीच्या कडेवरून आत सांडत होता. वरातीत गॅसबत्तीच्या शेजारी उभ्या माणसाचं तोंड दिसत नाही, नुसती बत्ती दिसते, तसं. आबांचं रक्त बरोबर त्या बत्तीशेजारी उभं होतं.

दार लावायचं होतं. एवढंच.

मी इंजिनियरचं ते नमुन्याचं चित्र शोधून लावलं. कित्येक सोमवार त्याचं तोंड पाहिलं नव्हतं. फिल्म निघाली तर काळ्यातला काळा चौकोन गायब, सगळं डांबर. ब्राइटनेसचा कान उलटा पिळत गेलो. माझ्या इतक्या महिन्यांच्या कीर्तीचा कान आपल्याच हाताने पिळणं सोपं नव्हतं, पण पिळला. त्या डांबरातून लाजत लाजत छोटा चौकोन बाहेर आला. मग जाळ तसाच मंद ठेवून वेळ वाढवला. भाकरी तव्यावर राहू दिली.

डॉक्टरांनी पडद्यावर पुन्हा ती साय धरली. मी बटण दाबलं. पेटी एरवी खट्‌कन मोकळी व्हायची, या वेळी चौकोनामागून चौकोन सावकाश टिपत राहिली. फिल्म औषधात घातली आणि मी अंधारात, आयुष्यभर दुसऱ्यांना सांगत आलो ते स्वतः केलं. श्वास रोखला.

पाण्यातून काढून दारातूनच वर धरली. थेंब गळत होते, सदरा भिजत होता. हाडाच्या आत दोन्ही बाजूंना रेघ, मधल्या सगळ्या चकत्यांवर. मी ओरडायच्या आतच डॉक्टर ओरडले, "उना! चौधरी, उना!"

कोल्हापूरच्या माणसाच्या तोंडून अशी शुद्ध अहिराणी मी पुन्हा कधी ऐकली नाही.

ती फिल्म देखणी नव्हती. काळं जरा राखेसारखं, सगळं मवाळ. दारात धरून बघणाऱ्याने नाक मुरडलं असतं. पण काळ्यातलं काळं वेगळं होतं, पांढऱ्यातलं पांढरं वेगळं होतं, आणि करड्यातलं करडं तर स्वतःहून पुढे येऊन उभं होतं. मेच्या उन्हाचा एक उपकार झाला. फिल्म बाहेर टांगल्या टांगल्या वाळली.

जीपमध्ये अक्काने ती मांडीवर आडवी धरली. मी तिला ती रेघ दाखवली. "अक्का, या रेघेबाहेर आहे ना, ते जुनं रक्त आहे."

"इतलंसं?"

"इतकंच."

"मंग काढी टाका म्हना त्यास्ले," ती म्हणाली, डोळ्यातलं कुसळ काढायला सांगावं तशी. आणि जीप निघाली तेव्हा मागच्या सीटवरून तिचा आवाज येत होता, "नींद नका ल्या. वांगा, आनि?"

दुसऱ्या दिवशी नाशिकहून फोन आला. मोठा आवाज तोच, पण चढलेला नव्हता. फिल्म पेटीवर लावण्याआधी खिडकीतच दिसलं, म्हणाले. कवटीला भोकं पाडली तर जुनं रक्त गाडीच्या तेलासारखं उडालं. डॉक्टरांनी विचारलं, "काया?" तिकडून "काय म्हणालात?" आलं. सर्जन नाशिकचे, त्यांना काय कळणार. आम्ही दोघं मात्र खुर्चीत बसून लहान पोरांसारखे हसत होतो. मी त्या दिवशीही श्रीखंड नेलं. या वेळी बायकोने कारण विचारलं तर मी सांगितलं, "फिल्म फिकट आली." ती म्हणाली, "मग श्रीखंड कशाला?" म्हटलं, "त्यासाठीच."

त्यानंतर एकही सोमवार चुकवला नाही. धुळ्याचे डॉक्टर तक्रार करत, तुमची फिल्म आता ओळखू येत नाही. मी म्हणे, पेशंट ओळखू येतो ना? रुखरुख एकच राहिली. त्या आधीच्या ठसठशीत फिल्म. डॉक्टर म्हणायचे, मी फिल्म बघितली तरी रिपोर्ट पडदा बघूनच देतो, तेव्हा झोपा शांत. मी झोपलो, पण एरंडोलच्या त्या "बठ्ठी काया" म्हणणाऱ्या माणसाला थांबवून, दादा, काय दिसत नाहीये ते सांगा, असं विचारायला हवं होतं, हे अजून वाटतं.

ती पेटी पुढे भंगारात गेली. लेझरचा कॅमेरा आला, मग फिल्मच गेली. आता कान पिळायचे ते फक्त नातवाचे, आणि तेही त्याची आई पिळू देत नाही.

पण आबांचं राहिलंच. थंडी पडल्यावर एका सकाळी व्हरांड्यात चपलांचा आवाज आला. दोन सरळ पावलं, फरफट नाही. मुंडासं बांधलेले आबा, खांद्यावर वांग्यांची पिशवी, मागे अक्का. पिशवी माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "भरीतनी वांगा शेतस. मीठ मी इसन टाकसू, तुम्ही नका टाकजात."

डॉक्टर धावत बाहेर आले. त्यांना राहवलं नाही. "आबा, पाय काय म्हणतो?"

"पायले काय व्हयेल शे?" आबा म्हणाले. "कपायले लागनं व्हतं मन्हा."

अक्का पदराआड हसायला लागली. मग डॉक्टरांनी तो प्रश्न विचारला. मला वाटतं तो त्यांच्या मनात मेपासून होता. त्यांनी अक्काकडे बोट केलं. "आबा, ह्या कोण?"

अक्काचं हसू थांबलं. आबांनी तिच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं, अगदी त्या दिवशीसारखं. मी टेबलावरच्या पिशवीतली वांगी उगाच मोजायला लागलो. डॉक्टरांचा चेहरा उतरत चालला. अक्काने पदराचं टोक मुठीत आवळलं.

मग आबा डॉक्टरांकडे वळले आणि शाळेतल्या ढ पोराला सांगावं तसं, हळू आवाजात म्हणाले,

"डाक्टर, शिकेल माणूस ना तुम्ही? चार लोकस्मा बायकोनं नाव लेतस का?"